हात सैल सोड

नीलिमाअक्कांच्या बालवाडीत पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात पेन्सिल पडत नाही, हे बसवनगुडीत सगळ्यांना माहीत होतं. काहींना ते पटायचं, बाकीच्यांना अक्का पटवून द्यायच्या. "आधी मनगट, मग अक्षर" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते घरात इतक्यांदा व्हायचं की त्यांचे यजमान उमाकांत चहाचा कप उचलतानाही ते म्हणून दाखवायचे.

बालवाडी घराच्याच तळमजल्यावर होती. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. मुलं या लोट्यातलं पाणी त्या लोट्यात ओतायची, कणकेचे साप वळायची, राजमा आणि वाटाणे वेगळे करायची आणि पेरूवर चढायची. नव्या पालकांना वाटायचं, हे तर पाळणाघर. मग अक्का त्यांना उभ्या उभ्या ऐकवायच्या, "पाणी न सांडता ओतायला लागलं की समजायचं, बोटं तयार होतायत. त्याच्या आधी क गिरवायला लावणं म्हणजे दात यायच्या आत चकली देणं." त्यातूनही कोणी घाई केली तर "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" असं तोंडावर म्हणायलाही त्यांनी मागेपुढे पाहिलं नव्हतं. घराणं बंगळुरात इतकं जुनं, की पुण्याहून आलेल्या माणसाला त्यांचं मराठी पहिल्यांदा कानडीच वाटायचं. पण हे वाक्य सगळ्यांना कळायचं.

नियमाला अपवाद एकच, दसरा. त्या दिवशी ओळखीची घरं मुलांना अक्षराभ्यासासाठी अक्कांकडे आणायची. ताटात तांदूळ पसरलेले असायचे. अक्का मुलाला मांडीवर घेऊन, त्याचं बोट आपल्या हातात धरून तांदळात 'श्री' काढायच्या. "हे देवाचं," त्या म्हणायच्या. "देवाला वर्षातून एकदा दिलं की पुरे." दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, कणीक आणि पेरू.

मागच्या जूनमध्ये पुढच्याच रस्त्यावर काचेची शाळा उघडली. तीन वर्षांच्या मुलांना रोबोटिक्स, असं फाटकावरच लिहिलेलं. तीन वर्षांच्या मुलाला स्वतःचं नाक पुसता येत नाही, तिथे यंत्राचं काय घेऊन बसलात? पण हे विचारणार कोण आणि कोणाला? अक्कांकडची जवळजवळ निम्मी मुलं तिकडे गेली. "जाऊ देत," अक्का म्हणाल्या, आणि पहिला महिना त्यांनी तो शब्द पाळलाही. पण आपण खरं सांगतोय आणि माणसं मात्र दुसरीकडे चालली आहेत, हे सोसायला फार जड जातं. नवरात्र येईतो अक्का सकाळी फाटकापाशी उभ्या राहून आज कोण आलं नाही, ते बघायला लागल्या होत्या.

उरलेल्यांत यशश्री होती. पाचवं नुकतंच लागलेलं. तिचे वडील उल्हास सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर, आई प्रतिमा इंदिरानगरच्या एका ऑफिसात. दोघं पुण्याची, इथे येऊन दोन वर्षं झालेली. यशश्री बोलायला उशिरा लागली होती, पण तिची बोटं कधी रिकामी नसायची. अंगणातल्या कडप्प्याच्या फरशीवर ओल्या बोटानं ती गोल काढायची. एका गोलाला म्हणायची, "हा पारवा." दुसऱ्याला, "हा पारव्याचा बाबा." उन्हानं गोल वाळून गेले की जराही वाईट वाटून न घेता पुन्हा पारव्यापासून सुरुवात करायची. अक्का ते बघत उभ्या राहायच्या. हे बघण्यासाठीच तर त्यांनी बालवाडी काढली होती.

दसऱ्याला प्रतिमा तिला परकर-पोलकं घालून घेऊन आली. बाकीची मुलं मांडीवर चुळबुळ करतात, बोट आखडून घेतात, तांदूळ उधळतात. यशश्रीचं बोट धरून अक्का म्हणाल्या, "हात सैल सोड, बाळा. इकडे बघू नको. मी आहे ना." आणि तिनं खरंच हात सोडून दिला, ओला रुमाल कोणाच्या तरी हाती द्यावा तसा. अशी 'श्री' अक्कांच्याही हातून कित्येक वर्षांत उतरली नव्हती. प्रतिमानं फोनवर चित्रण केलं. त्यात बोट तांदळात फिरतंय आणि पोरगी खिडकीत बसलेल्या पारव्याकडे बघतेय.

चित्रण पुण्याला गेलं, तिथून नात्यात फिरलं. पुढच्या सोमवारी प्रतिमा मुलीला सोडायला आली ती थांबलीच. "अक्का, अ‍ॅक्च्युअली शी इज रेडी. बघितलं ना तुम्ही, कसलं सुंदर लिहिलं तिनं. मग रोज का नाही घेत आपण? आम्ही त्या पुढच्या शाळेत पण एकदा बघून आलो, खरं सांगते. ते रोज लिहून घेतात."

"अगं, ते मी लिहिलं," एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. जूनच्या आधीच्या अक्का ते हसत हसत म्हणाल्या असत्या, वर एक म्हणही ऐकवली असती. या अक्का म्हणाल्या, "हात हलका आहे तिचा." हे खोटंही नव्हतं. हात हलका होताच.

त्याच आठवड्यात त्यांनी राजलक्ष्मीला सांगितलं, दर शुक्रवारी पाट्या भिंतीला लावायच्या. राजलक्ष्मी त्यांच्याबरोबर सुरुवातीपासूनची शिक्षिका होती.

"मुलांना लिहायला येत नाही, अक्का," ती म्हणाली.

"हात धरून काढायचं. पालकांना पाटी हवीय, पाटी देऊया."

"आणि आधी मनगट?"

"त्याचं त्याचं चालू राहील की. स्वल्प दिवसांचा प्रश्न आहे."

"सरी," राजलक्ष्मी म्हणाली. कानडीत या शब्दाचा अर्थ 'बरं' असा आहे, पण ती ज्या सुरात म्हणाली त्या सुरात त्याचा अर्थ 'तुमचं तुम्ही बघा' असा होतो. अक्कांना दोन्ही भाषा येत होत्या.

एकेका मुलाचा हात धरून पाटी भरायची म्हणजे वेळ जातो. तो वेळ पाण्याचा आणि कणकेचा गेला. गुरुवारी आणि शुक्रवारी मागच्या अंगणाचं दार उघडायचंच बंद झालं. बरीच मुलं हात द्यायला तयार नसायची. ईशान नावाचा एक पोरगा तर "मी! मी!" करून हात हिसकायचा आणि पाटीभर रेघोट्या ओढायचा. त्याची पाटी भिंतीच्या कडेला, उघड्या दाराआड लागायची. यशश्रीचा हात मात्र धरायची खोटी, सैल व्हायचा. तिची पाटी मधोमध. "अ कसा काढलाय बघा," अक्का पालकांना म्हणायच्या, आणि यशश्रीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. आपलं कौतुक होतंय, हे त्या वयाच्या मुलाला अचूक कळतं. कशाचं होतंय, तेही कळतं. कोणीतरी हात धरला की आपला सोडून द्यायचा आणि दुसरीकडे बघायचं, याचं होतंय.

दसऱ्यानंतर एकही मूल सोडून गेलं नाही. काचेच्या शाळेतून दोघं परतही आली.

कार्तिकात बसवण्णाच्या देवळाबाहेर शेंगांची जत्रा भरते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाचे ढीग लागतात. दर वर्षी अक्का तिथून पोतंभर शेंगा आणायच्या आणि आठवडाभर मुलं अंगणात बसून त्या सोलायची. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत शेंग धरून फोडायची, हाच त्यांचा लेखनाचा पहिला धडा, असं त्या सांगायच्या. या वर्षी पाट्यांमुळे वेळ नव्हता. राजलक्ष्मीनंच एक पिशवी आणली आणि शुक्रवारी बालवाडी सुटायच्या आधी मुलांपुढे ओतली.

मुलं तुटून पडली. कोणी दातांनी फोडलं, कोणी पायाखाली. यशश्रीनं एक शेंग उचलली, तळहातावर ठेवली आणि हात अक्कांपुढे धरला. मनगट खाली लोंबत होतं. तोंड खिडकीकडे.

मागच्या वर्षी याच पोरीनं शेंगा सोलून टरफलांचीही रांग लावली होती. अक्का तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. फाटकाशी पालकांच्या गाड्या लागत होत्या. भिंतीवर पाट्या झुलत होत्या, मधोमध तिची. अक्कांनी शेंग सोलून दाणे तिच्या हातावर ठेवले.

त्या दिवशी दुपारच्या चहाला त्या उमाकांतना म्हणाल्या, "मला एक गोष्ट कळलीय. ती कळली नसती तर बरं झालं असतं."

त्यांनी सांगितलं ते उमाकांतनी ऐकून घेतलं. "मग थांबव," ते म्हणाले.

"थांबवणारच आहे. मोठ्या शाळांचे प्रवेश होऊन जाऊ देत. आत्ता थांबवलं तर आई विचारेल, काल लिहीत होती ती आज का लिहीत नाही?"

"विचारू दे की."

अक्कांनी चहाचे कप उचलले. कळतं पण वळत नाही, असं त्या आजवर इतर लोकांबद्दल म्हणत आल्या होत्या.

जानेवारीत मोठ्या शाळेनं यशश्रीला आईवडिलांसह बोलावलं. मुलाखत म्हणत नाहीत आता त्याला, 'इंटरॅक्शन' म्हणतात. दुसऱ्या दिवशी प्रतिमा ऑफिसला न जाता थेट बालवाडीत आली. मुलीला आत सोडून ती अक्कांच्या खोलीत बसली आणि बराच वेळ नुसती ओढणीचं टोक गुंडाळत राहिली.

"त्यांनी क्रेयॉन दिला," ती म्हणाली. "म्हणाल्या, काहीही काढ. तुला आवडेल ते. हिनं क्रेयॉन घेतला आणि हात असा पुढे केला त्यांच्याकडे. आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्या म्हणाल्या, काढ ना. ही तशीच. उल्हास म्हणाला, बेटा, ड्रॉ. ही तशीच, अक्का. हात असा, जसा काही तिचा नाहीच. शेवटी त्या मॅडमनी विचारलं, हिच्या हाताला काही झालंय का?"

अक्कांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"मी पाट्यांचे फोटो दाखवले. त्या फोटो बघत राहिल्या, मग हिच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, एकदा डेव्हलपमेंटल चेक करून घ्या, मग आपण अ‍ॅडमिशनचं बोलू. अक्का, तुम्ही एवढी मुलं पाहिलीयत. माझ्या मुलीत काही आहे का? खरं सांगा मला."

उत्तर अक्कांच्या जिभेवर होतं. पलीकडच्या खोलीतून राजलक्ष्मीचा आवाज येत होता, उद्याच्या पाट्या पुसायला काढल्या होत्या. प्रतिमाला आत्ता सांगितलं तर ती फाटकाबाहेर जाऊन सगळ्यांना सांगेल. सांगायलाच हवं तिनं. मग भिंतीवरच्या सगळ्याच पाट्या खोट्या, आणि इतक्या वर्षांचं ते वाक्यही खोटं. आता आपलं काय होईल, अशी अक्कांना भीती वाटली, आणि त्या भीतीतच त्या बोलून गेल्या, "दाखवून घे एकदा. दाखवण्यात वाईट काही नाही."

प्रतिमाचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं अक्का हसतील, म्हणतील वेडी का खुळी तू. ज्या बाईनं एवढी मुलं पाहिली तीच दाखवून घे म्हणते, म्हणजे काहीतरी असणारच.

मग त्या घरात जे सुरू झालं ते अक्कांना तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. उल्हास रोज इंटरनेटवर नवा आजार वाचून काढायचा. ऑफिसातल्या कोणी प्रतिमाला सांगितलं की दोन भाषांनी मुलं गोंधळतात, म्हणून घरात मराठी बंद केलं. यशश्री, आधीच कमी बोलणारी, आता बालवाडीत येऊनही गप्प असायची. अक्कांनी पाट्या थांबवल्या. अंगणाचं दार पुन्हा उघडलं. यशश्री फरशीपाशी उभी राहायची, पाण्याच्या लोट्याकडे बघायची, आणि कोणी येतंय का याची वाट बघायची. अक्कांना जेवण जाईना. एका निरोगी पोरीला आपण आजारी ठरवलंय, आणि एक वाक्य बोललं तर ती बरी होईल, हे माहीत असून त्या ते वाक्य बोलत नव्हत्या. याला दुसरं काही म्हणतात का? पापच म्हणतात.

तपासणीच्या दिवशी उल्हासला सुट्टी मिळाली नाही. "तुम्ही याल का, अक्का?" प्रतिमानं विचारलं. "तिला तुमची सवय आहे. आणि तुम्ही लिहिताना पाहिलंय तिला."

तिघी मेट्रोनं इंदिरानगरला निघाल्या. आज गाडीतच सांगायचं, असं अक्कांनी ठरवलं होतं. वाक्यही घोळवून ठेवलं होतं. यशश्री दोघींच्या मध्ये बसून अक्कांचं एक बोट मुठीत धरून होती, घट्ट. वाटेत एकदा प्रतिमा म्हणाली, "बाळ पोटात असताना मी फार ट्रॅव्हल केलं. त्यानं झालं असेल का?" अक्का म्हणाल्या, "नाही गं, तसं काही नसतं." त्यापुढचं वाक्य तिथेच जोडायचं होतं. मेजेस्टिकला गाडी बदलायची घाई झाली आणि ते राहिलं. ते राहिल्याचं अक्कांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

तपासणारी मुलगी अनुषा, तरुण, जमिनीवर मांडी घालून बसलेली. मराठी तिला थोडं समजत होतं, बोलायची कानडी आणि इंग्रजीत. तिनं प्रतिमाला जन्मापासूनचं विचारून घेतलं. मग अक्कांकडे वळून कानडीत विचारलं, "शाळेत ही स्वतः लिहायची?"

प्रतिमा अक्कांकडे बघत होती. सगळी आशा डोळ्यांत आणून.

"लिहायची," अक्का म्हणाल्या.

म्हणाल्या खऱ्या. इतका सरळ प्रश्न समोर असताना, पोर पायाशी बसलेली असताना, त्या म्हणाल्या.

अनुषानं एक काळी पाटी जमिनीवर ठेवली, यशश्रीच्या हातात जाड खडू दिला आणि ती मागे सरकली. यशश्रीनं खडू धरलेला हात अक्कांपुढे केला आणि तोंड फिरवलं. अनुषानं मान हलवून अक्कांना खुणावलं, धरू नका. अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

यशश्रीनं वाट पाहिली. हात कोणी घेत नाही म्हटल्यावर तिनं वळून पाहिलं. बोलावं लागेल असं काही तिला वाटलं नाही. ती उठली, अक्कांच्या पदराखाली हात घालून त्यांचा उजवा हात शोधून काढला आणि ओढला. अक्का गुडघ्यांवर आल्या. तिनं खडू त्यांच्या बोटांत दिला, बोटं एकेक करून मिटली, आणि वरून आपला इवलासा तळवा, पुरेल तेवढा, दाबून ठेवला.

"हात सैल सोड," ती म्हणाली. आवाजही अक्कांचाच होता, शुक्रवारचा, थोडा घाईतला. "इकडे बघू नको. मी आहे ना."

आणि तिनं अक्कांचा हात पाटीवर फिरवला. अक्का आखडून बसल्या होत्या, तरी तो फिरला, इतका जोर होता त्या मनगटात. एक मोठा, वेडावाकडा, पण पुरा मिटलेला गोल उमटला.

"हा पारवा," यशश्री म्हणाली. ती मराठीत बोलली, हे प्रतिमाच्या लक्षात आधी आलं. मग बाकीचं लक्षात आलं.

अनुषा यशश्रीच्या हाताकडे बघत नव्हती. ती अक्कांकडे बघत होती.

"मॅम," प्रतिमा म्हणाली. पहिल्या दिवशी ती मॅम म्हणाली होती, त्यानंतर आजच. "ती पाट्यांवरची अक्षरं?"

"माझी," अक्का म्हणाल्या.

"सगळी?"

"सगळी. तांदळातली श्रीसुद्धा. हिच्या हाताला काहीही झालेलं नाही, प्रतिमा. तुझ्यानं काही झालं नाही. मी केलं. मला शेंगांच्या दिवशीच कळलं होतं आणि मी बोलले नाही. आत्तासुद्धा खोटं बोलले."

प्रतिमा ओरडली नाही. ओरडली असती तर अक्कांना सोपं गेलं असतं. ती पाटीवरच्या गोलाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "मग दसऱ्यापासून ती काय शिकली तुमच्याकडे?"

"हे," अक्का म्हणाल्या. "आत्ता तिनं दाखवलं ते."

त्यांना डोळे पुसायचे होते. हात सुटत नव्हता. यशश्रीनं तो आणखी घट्ट धरला आणि पाटीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे ओढला.

"हलू नको," ती म्हणाली. "अजून पारव्याचा बाबा राहिलाय."